किल्लारीनंतरची माती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या शिवेवर, किल्लारी परिसरात जमीन हादरली, तेव्हा गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. माती-दगडाच्या घराबद्दल मराठवाड्याचं मन कसं पालटलं, याचा मागोवा इथूनच घ्यावा लागतो. पर्यावरणपूरक घरांच्या चर्चेत मात्र ही तारीख क्वचितच येते. खेड्यातली सिमेंटची ओढ म्हणजे शहराचं अनुकरण, असं म्हणून विषय मिटवला जातो. हा गावकऱ्यांवर अन्याय आहे. ज्यांनी आपली माणसं माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, ढिगाऱ्यातून उपसून काढली, त्यांना मातीच्या गारव्याचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगायचं?

तरीही त्या घरांत नेमकं काय मोडलं, हे पाहायलाच हवं. भिंती दोन-तीन फूट जाड. आत-बाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये गोटे-चिखलाची भर. दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड बहुधा नसतच. वर लाकडी खणांवर पांढरी माती. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी तिच्यावर पुन्हा माती पडे आणि ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाई. हादऱ्यानं भिंती फुगून ढासळल्या, पण अनेक ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष न सांधलेल्या भिंतींचा आणि छपरावरच्या भाराचा होता. मातीची घरं भूकंपात टिकावीत म्हणून भारतीय मानक ब्यूरोनं मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही १९९३ सालचीच. पण गावात पोचलं ते आरसीसी. जागतिक बँकेच्या मदतीनं पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. ती सुरक्षित होती, आणि त्या घडीला तेच सगळ्यांत मोलाचं होतं. गुरं, कडबा, चूल यांच्यासाठी लोकांनी पुढे शेजारी पत्र्याची शेड उभारली.

भीतीवर पुढे सरकारी शिक्का बसला. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या याद्या २०११ च्या सर्वेक्षणावरून निघाल्या. त्यात कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर ही गरजूपणाची खूण होती. मातीची भिंत म्हणजे गरिबी, हे समीकरण असं कागदावरच पक्कं झालं. मातीच्या घरावर एक आक्षेप रास्त आहे: ते दरवर्षी कष्ट मागतं, आणि लिंपण-सारवण बायकांच्याच वाट्याला येतं. ते कष्ट टाळणाऱ्या बाईला परंपरेचे धडे देऊ नयेत. मात्र दगडी जोतं, रुंद वळचणी, चुन्याचा गिलावा आणि थोडं सिमेंट घालून यंत्रानं दाबलेल्या विटा वापरल्या, तर तो भार बराच उतरतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपात नीट बांधलेले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, टिकले आणि पुनर्वसनातही दाबलेल्या मातीच्या विटांची घरं उभी राहिली. तिथे लोकांना मातीचं घर उभं राहिलेलं डोळ्यांनी दिसलं. किल्लारीच्या लोकांनी ते कोसळताना पाहिलं. दोन्ही मतं अनुभवातूनच आली आहेत, म्हणून मराठवाड्याचं मत पत्रकं वाटून बदलणार नाही. घरकुलासाठी स्थानिक साहित्याचे आराखडे सरकारकडे आहेतच. त्यांतलं सांधलेल्या भिंतींचं, हलक्या छपराचं एक घर प्रत्येक तालुक्यात बांधून दाखवावं, आणि हप्ता मंजूर करणाऱ्या अभियंत्यानं त्याला ‘पक्कं’ म्हणून सही द्यावी.