दाखला

शाळांचा दर्जा घसरला, मुलांवर संस्कार उरले नाहीत, ही खंत आपल्या बैठकींत नेहमी व्यक्त होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केले. त्या बडोद्यात ही खंत अधिकच बोचते.

मध्यंतरी सातवीतील एका मुलाला जुलाबांसाठी आणले होते. जलसंजीवनीच्या पाकिटावरील सूचना मी त्यालाच वाचावयास दिल्या. इंग्रजी शब्द त्याने घडाघडा वाचले. पाणी एक लिटर घ्यावयाचे, एवढा अर्थ मात्र त्यास सांगता येईना. आजीने तो मराठीत समजावला.

निघताना वडील हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागे लग्नाला गेलो होतो, त्या चार दिवसांचाही आजारपणाचा दाखला द्याल का?" मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी नकार दिला. परंतु पूर्वी भिडेखातर असे दाखले मी दिले आहेत, हेही येथे कबूल करतो.

अर्थ समजून वाचावयास शाळेने शिकवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण खोटे सहज खपते, हा धडा मूल आपल्या टेबलापाशी गिरवते. डॉक्टरमित्रहो, संस्कारांवर भाषणे करण्यापूर्वी एवढे ठरवू या : खोटा दाखला लिहावयाचा नाही, आणि पालकांनी तो मागावयाचा नाही.