टेस्ट पहिल्याच चुकीवर का थांबते?

बस-लोकलच्या गोंगाटात ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आधी एक किस्सा. आमच्या जुन्या टीममध्ये बिलाच्या एपीआयची एक टेस्ट होती. त्यात चार तपासण्या: स्टेटस २००, ग्राहकाचं नाव, एकूण रक्कम आणि जीएसटी. रिलीजच्या आदल्या रात्री टेस्ट लाल. नाव चुकलंय. दुरुस्त केलं, पाइपलाइन सोडली, ४० मिनिटं थांबलो. आता रक्कम चुकलेली! परत ४० मिनिटं. मग जीएसटी. गंमत म्हणजे तिन्ही चुका पहिल्यापासूनच होत्या, दिसत मात्र एकेकच होत्या.

असं का होतं? असर्शन फेल झालं की ते एक्सेप्शन फेकतं आणि टेस्ट तिथेच संपते. पुढच्या ओळी चालतच नाहीत. त्या पास झाल्या असत्या की फेल, कळायला मार्गच नसतो.

यावर उपाय म्हणजे सॉफ्ट असर्शन. चूक सापडली की नोंद करायची, पुढे जायचं आणि शेवटी सगळी यादी एकदम द्यायची. पेपर तपासणारे सर पहिल्या चुकीला पेपर बाजूला ठेवतात का? तसंच.

जेयुनिट ५ मध्ये यासाठी 'असर्टऑल' आहे. प्रत्येक तपासणी लॅम्डा म्हणून द्यायची. एनयुनिटमध्ये 'असर्ट.मल्टिपल', प्लेराइटमध्ये 'एक्स्पेक्ट.सॉफ्ट'. गूगलटेस्टमध्ये तर दोन वेगळ्या जाती आहेत: 'असर्ट' थांबवतो, 'एक्स्पेक्ट' पुढे जाऊ देतो.

आता खरा धोका ऐका. टेस्टएनजीच्या सॉफ्ट असर्टमध्ये शेवटी 'असर्टऑल' स्वतः बोलवावं लागतं. ते विसरलात तर चुका नोंदल्या जातात, पण टेस्ट हिरवीच! लाल टेस्ट निदान झोप तरी उडवते, खोटी हिरवी टेस्ट ग्राहकाच्या हातात चुकीचं बिल देते. असर्टजेमध्येही सॉफ्ट असर्शनचा ऑब्जेक्ट हाताने बनवला तर हेच होतं. तिथे 'असर्टसॉफ्टली' वापरा, शेवटची तपासणी ते स्वतःच करतं.

मग सगळंच सॉफ्ट करायचं का? अजिबात नाही. स्टेटस ५०० आला तर बिल आलेलंच नाही, मग नाव आणि रक्कम कशाची तपासणार? उगाच चार एरर दिसतील आणि खरं कारण त्यात हरवेल. म्हणून ज्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे ते असर्शन कडक ठेवा. स्टेटस आधी कडक, मग नाव, रक्कम, जीएसटी सॉफ्ट. आणि तपासण्यांचा एकमेकींशी संबंधच नसेल, तर सरळ वेगळ्या टेस्ट लिहा.

आजचा गृहपाठ: तुमच्या एका टेस्टमध्ये मुद्दाम दोन अपेक्षित उत्तरं चुकीची लिहा आणि चालवा. रिपोर्टमध्ये दोन्ही चुका दिसल्या तर छान. एकच दिसली तर आज काय बदलायचं ते कळलं. आणि एकही दिसली नाही, तर आधी तो शेवटचा 'असर्टऑल' शोधा!

भेटू पुढच्या भागात.