मोतीबिंदू की काचबिंदू?

घरातल्या वयस्कर माणसाला कमी दिसू लागले की बारामती-इंदापूरकडच्या गावांत, आणि खरे तर महाराष्ट्रात कुठेही, एकच निदान केले जाते : 'मोतीबिंदू आला.' त्यापाठोपाठचा सल्लाही ठरलेला असतो : 'घाई नको, पिकू दे.' ऊस कारखान्याला जाऊ दे, घरातले कार्य उरकू दे, मग ऑपरेशनचे पाहू. कारण खरोखर मोतीबिंदू असेल तर काही महिने थांबल्याने बहुधा गैरसोयच होते. ऑपरेशननंतर दृष्टी परत मिळते. पण कारण काचबिंदू असेल तर या काळात दृष्टीचा जो भाग जातो, तो जगातल्या कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. म्हणून हे दोन आजार, आणि त्यांच्याशी गल्लत होणारे इतर नेत्ररोग, वेगळे कसे ओळखायचे हे आपण समजून घेऊ. त्यासाठी लागणारे दोन-तीन प्रयोग वर्गातच करता येतात.

नाव सारखे, बिघाड वेगळा

दोन्ही नावांत 'बिंदू' आहे, त्यामुळे ही भावंडे असावीत असे वाटते. प्रत्यक्षात बिघाडाच्या जागाच वेगळ्या आहेत. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. भिंग पुरते गढूळ झाले की बाहुलीत पांढरट, मोत्यासारखी झाक दिसते. खराब भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की प्रकाशाचा मार्ग मोकळा होतो.

काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकते. इथे इजा होते ती दृष्टिचेतेला, म्हणजे दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला. एका डोळ्याच्या दृष्टिचेतेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही, आणि दृष्टिचेता बदलून बसवण्याची सोय वैद्यकात आजही नाही.

हा फरक डॉक्टरांनाही फार उशिरा कळला. मोतीबिंदू म्हणजे गढुळलेले भिंगच, हे फ्रान्समध्ये मिशेल ब्रिसो याने १७०५ मध्ये शवविच्छेदनातून दाखवले. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतले दृष्टिपटल आणि दृष्टिचेतेचे तोंड पाहण्याचे साधन १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने तयार केले. काचबिंदू झालेल्या डोळ्यात दृष्टिचेतेच्या तोंडाशी खोल खळगा पडलेला दिसतो, हे त्यानंतरच्या काही वर्षांतच लक्षात आले. हा खळगा बाहेरून कोणालाही दिसत नाही. काचबिंदूच्या ओळखीतली मुख्य अडचण आजही हीच आहे.

निचरा आणि दाब

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक स्वच्छ द्रव तयार होत असतो : मिनिटाला साधारण दोन ते अडीच घन मिलिमीटर. तो बाहुलीतून पुढे येतो आणि पारपटल व बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. हा द्रव आणि डोळ्यातून गळणारे अश्रू यांचा काही संबंध नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना पुढची गोष्ट समजावणे सोपे आहे. शेताला पाणी मिळते, पण खाली निचरा नसेल तर ते मुरून साचते आणि काही वर्षांत जमीन चोपण होते. काचबिंदूत बहुधा असेच होते. द्रव नेहमीइतकाच तयार होतो, पण जाळीतून त्याचा निचरा नीट होत नाही. डोळा चहूबाजूंनी बंद असल्यामुळे आतला दाब वाढतो. दृष्टिचेता ज्या ठिकाणी डोळ्याबाहेर पडते ते ठिकाण चाळणीसारखे सच्छिद्र असते, आणि डोळ्याच्या मागच्या भिंतीतला तो सर्वांत कमजोर भाग असतो. दाबाचा मार तिथे बसतो. शेताची उपमा मात्र इथे संपते. चोपण जमीन चर काढून, जिप्सम घालून सुधारता येते. दृष्टिचेता सुधारता येत नाही.

डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तथापि केवळ या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू झालेले रुग्ण भारतात पुष्कळ आढळतात, तर दाब थोडा जास्त असूनही काहींच्या दृष्टिचेतेला इजा झालेली नसते. म्हणून दाब मोजणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

रुग्णाला कळत का नाही?

आता पहिला प्रयोग. वहीच्या आखलेल्या पानावर एका ओळीत डावीकडे फुली आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे १ सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि पान हळूहळू जवळ आणा. अंदाजे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. त्या जागी भोक किंवा काळा डाग दिसतो का, हे विद्यार्थ्यांना विचारा. तसे काहीच दिसत नाही. वहीची ओळ सलग दिसते!

ठिपक्याचा प्रकाश ज्या जागी पडला तिथून दृष्टिचेता बाहेर पडते. तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येक निरोगी डोळ्यात असा अंधबिंदू असतो, पण मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती पोकळी भरून काढतो. काचबिंदूची इजा नेमकी याच तोंडाशी होते. तंतू मरू लागले की दृष्टिक्षेत्रात अशाच आणखी पोकळ्या तयार होतात, आणि मेंदू त्याही भरून काढतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. सहसा कडेची दृष्टी आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे रुग्ण पोथी वाचतो, सुईत दोरा ओवतो, दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतो. पण बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही, उंबऱ्याला ठेच लागते. 'वयामुळे धांदरटपणा आला' असे म्हणून घरचे ते सोडून देतात. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या पाहण्यांत काचबिंदू आढळलेल्या दहा जणांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना तपासणीपूर्वी त्याची कल्पनाच नव्हती.

कडेची दृष्टी ढोबळमानाने तपासता येते. दोन विद्यार्थी एक मीटर अंतरावर समोरासमोर बसतात. एकाने डावा आणि दुसऱ्याने उजवा डोळा झाकायचा आणि एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडे पाहायचे. पहिला विद्यार्थी दोघांच्या बरोबर मध्ये आपले बोट बाहेरून आत आणतो. दोघांनाही ते जवळजवळ एकाच वेळी दिसायला हवे. या चाचणीत फक्त बरीच वाढलेली उणीव सापडते. 'बोट दिसले, म्हणजे काचबिंदू नाही' असा अर्थ काढू नये.

हळूहळू कमी दिसणे

दुखत नाही, डोळा लाल नाही, पण दिसणे कमी झाले, याची मुख्य कारणे पाहू. चाळिशीच्या आसपास जवळचे वाचायला त्रास होतो, वर्तमानपत्र लांब धरावे लागते : ही चाळिशी. चष्म्याने दुरुस्त होणारा दोष असेल तर पुठ्ठ्याला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. हा दुसरा सोपा प्रयोग. मोतीबिंदूत सगळे चित्रच धुरकट होते, उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. मधुमेहात दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या खराब होऊन दिसणे कमी होते. काचबिंदूत बराच काळ यांतले काहीच जाणवत नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात एकत्रही असू शकतात. अशा डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उत्तम होऊनही दिसत नाही, आणि दोष ऑपरेशनला दिला जातो. फार पिकू दिलेला मोतीबिंदू फुगून निचऱ्याची वाट अडवतो, तेव्हा त्यातूनच काचबिंदू उद्भवतो. 'पिकू दे' हा सल्ला मोतीबिंदूच्या बाबतीतही आता कालबाह्य आहे तो म्हणूनच.

लाल आणि दुखरा डोळा

डोळे येतात तेव्हा लाली, टोचणी, चिकट घाण अशी लक्षणे असतात. बहुधा दोन्ही डोळ्यांना त्रास होतो, पण घाण पुसली की दिसते नीट. उसाचे पान किंवा पाचट डोळ्याला लागल्यावर दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे आणि पारपटलावर पांढरा ठिपका दिसणे ही जखम चिघळल्याची खूण आहे. ऊसतोडणीच्या हंगामात आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवावे.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र एकाएकी येतो. निचऱ्याचा कोपरा पूर्ण बंद होतो आणि काही तासांत दाब खूप वाढतो. सहसा एकाच डोळ्यात भयंकर ठणका, त्याच बाजूची डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, धूसर दिसणे आणि उजेडातही न आकसणारी मोठी बाहुली ही त्याची लक्षणे. उलट्यांमुळे याला पित्त किंवा अर्धशिशी समजून घरगुती उपाय केले जातात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. उन्हाळ्यात अॅलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांसाठी पालक दुकानातून थेंब आणतात. त्यांत स्टेरॉइड असेल तर खाज लगेच थांबते, म्हणून तीच बाटली महिनोन्महिने वापरली जाते. अशा थेंबांमुळे काही मुलांच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. वर्गात सतत डोळे चोळणारा मुलगा कोणते थेंब घालतो, हे शिक्षकांनी जरूर विचारावे. विटीचा किंवा चेंडूचा मार डोळ्याला बसला असेल तर लाली गेल्यावरही, आणि पुढे काही वर्षांनीही, दाब तपासून घ्यावा.

तपासणी आणि उपचार

काचबिंदूचे निदान चार गोष्टींवरून होते : डोळ्यातला दाब, निचऱ्याच्या कोपऱ्याची पाहणी, दृष्टिचेतेच्या तोंडाची पाहणी आणि दृष्टिक्षेत्राची मोजणी. चष्म्याचा नंबर काढणे किंवा शिबिरात मोतीबिंदू आहे का एवढेच पाहणे यांत ही तपासणी होतेच असे नाही. ती मागून घ्यावी लागते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जे होणार नाही त्यासाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे.

उपचारांत दाब कमी करणारे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. थेंबांनी दृष्टी सुधारत नाही, उरलेली टिकते. 'महिनाभर घातले, काही फरक नाही' म्हणून पुष्कळ जण ते बंद करतात. फरक न पडणे, म्हणजे आहे तेवढे दिसत राहणे, हेच या औषधाचे यश आहे, हे घरच्यांना समजावून सांगणारे कोणी हवे.

अंधबिंदूचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना घरी चार प्रश्न विचारायला सांगावे. घरात चाळिशीपुढचे किती जण आहेत? त्यांपैकी कोणाच्या आई, वडील किंवा भावंडांना काचबिंदू होता? कोणाला मधुमेह किंवा जास्त नंबरचा चष्मा आहे? आणि डोळ्यातला दाब व दृष्टिचेता कोणी, कधी तपासली? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'आहे' आणि चौथ्याचे 'कधीच नाही' असे आले, तर त्या माणसाला याच महिन्यात तपासणीला पाठवावे. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असलेल्यांना तो होण्याची शक्यता इतरांहून कितीतरी अधिक असते, आणि ते उत्तर विद्यार्थ्याला घरातच मिळते.