दोष पेटीचा की कळीचा?

शहाद्याहून सातपुड्यातील तोरणमाळचा घाट चढताना मोटारीच्या बळाची परीक्षा होते. आपोआप गियर बदलणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीत, उदाहरणार्थ १९७१ ते १९८९ या काळातील मर्सिडीजच्या 'एसएल' गाडीत, अशा वेळी अधिक जोर मिळविण्याची युक्ती योजिलेली असते. ॲक्सिलरेटरचे पेडल तळापर्यंत दाबले की त्याखालील विजेची कळ जोडली जाते. प्रवाह गियरच्या पेटीवरील विद्युच्चुंबकास, म्हणजे सोलेनॉइडला, पोहोचतो आणि पेटी खालचा गियर घेते.

हे घडेनासे झाले म्हणजे मालक पेटीच निकामी ठरवितो व नाहक खर्चात पडतो. वस्तुतः शोधास आरंभ स्वस्त वस्तूपासून करावा. जाड चटई आड आली, तरी पेडल कळीपर्यंत पोहोचत नाही. ती काढावी, गियर 'पी'मध्ये ठेवून हातब्रेक ओढावा, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी आणि पेडल पूर्ण दाबावे. बाजूस उभ्या सोबत्यास गाडीखालून 'टक्' असा आवाज ऐकू आला, तर वीजमार्ग बहुधा शाबूत समजावा व पेटीतील तेलाची पातळी पाहावी. आवाज न आल्यास प्रथम फ्यूज, नंतर तपासणीच्या दिव्याने कळ पाहावी. कळीपर्यंत वीज येते, पण पेडल दाबूनही पुढे जात नाही, तर दोष कळीचा. पुढे जाते, तर तारेचा किंवा सोलेनॉइडचा.

घाटात मालमोटारीस ओलांडताना ऐन वेळी जोर न मिळणे जिवावर बेतू शकते. म्हणून ही परीक्षा चढणीपूर्वी, सपाटीवरच उरकून घेणे शहाणपणाचे होय.