घरच्या शिकारी कुत्रीचे पहिले बाळंतपण

माणसांच्या आरोग्याच्या सदरात कुत्रीच्या बाळंतपणाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या तालुक्यात वाडीवस्तीवर कुत्रा नाही असे घर विरळा, आणि त्या कुत्र्याच्या पोटातले जंत, अंगावरच्या गोचिडी आणि दाताची जखम अखेरीस येते ती माणसांच्या डॉक्टरकडेच. त्यातून कुत्री पहिलटकरीण असली की रात्री-अपरात्री निरोप येतो, "डॉक्टर, ती अडली आहे, एखादे इंजेक्शन द्या." तेव्हा हा विषय घेणे भागच आहे. कुत्रीवर उपचार करणे हे पशुवैद्यकांचे काम, माझे नव्हे. मात्र घरच्या माणसांनी काय तयारी करावी आणि स्वतःला कसे जपावे, हे सांगणे माझ्या कक्षेत येते.

आपल्याकडे 'शिकारी' म्हणतात ती कुत्री बहुधा गावठीच असते. काही घरी घाटावरून आणलेली कारवानी असते. लांब तोंड, खोल छाती आणि आत गेलेले पोट ही तिची ओळख. याच गणगोतातले मुधोळ हाउंड मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे नावारूपाला आले. २००५ साली भारतीय डाक खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले आणि २०१६ मध्ये लष्करानेही ते प्रशिक्षणासाठी घेतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवान्याशिवाय शिकार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे आजच्या शिकारी कुत्रीचे काम नारळी-पोफळीच्या आगरातून आणि आंब्याच्या बागेतून रानडुक्कर व वानर हुसकावण्याचे उरले आहे. काम बदलले तरी धावणे आणि कुंपणावरून उड्या मारणे तसेच आहे. गाभणपणी नेमके तेच आवरावे लागते.

आधी ठरवा

पहिला प्रश्न, पिल्ले हवीत का? पाच-सात पिल्लांना घरे मिळणार नसतील तर पशुवैद्यकांकडून नसबंदी करून घेणे हाच शहाणपणा. एस. टी. स्टँडवर किंवा मच्छीबाजारात गुपचूप सोडलेले पिल्लू जगलेच तर बिनलशीचे भटके कुत्रे होते, आणि वर्षभराने ते कोणाच्या तरी मुलाला चावते.

पिल्ले हवीच असतील तर पहिल्या माजाला घाई करू नये. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. एक-दोन माज जाऊ द्यावेत आणि ती दोन वर्षांच्या आसपास, अंगाने पुरती भरलेली असावी. फार उशीरही बरा नव्हे. पाच-सहा वर्षांच्या कुत्रीचे पहिलेच बाळंतपण अवघड जाण्याचा संभव अधिक असतो.

मीलनापूर्वी रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांची संयुक्त लस पूर्ण झालेली असावी. आईच्या अंगात प्रतिकारशक्ती असेल तरच ती चिकातून पिल्लांना मिळते. दिवस राहिल्यावर लस टोचायला धावू नये, त्यातल्या काही लसी त्या काळात चालत नाहीत. अंगावरच्या गोचिडी आणि पिसवाही आधीच काढाव्यात. गुरांचे गोचिडाचे औषध अंदाजाने कुत्रीला लावणे धोक्याचे आहे.

दोन महिन्यांचा हिशेब

कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. मीलनाच्या तारखेपासून मोजल्यास ५८ ते ६८ दिवस धरावेत. म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. चार आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भ कळतो. पन्नास-पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्ले किती आहेत ते मोजता येते. ही संख्या ठाऊक असली की आत एखादे राहिले का, हा घोर उरत नाही.

पहिले पाच आठवडे आहार नेहमीचाच ठेवावा. 'दोन जिवांची' म्हणून सुरुवातीपासून खाऊ घातल्यास ती फक्त लठ्ठ होते आणि विताना अडते. सहाव्या आठवड्यापासून आहार हळूहळू वाढवून शेवटी सव्वापट ते दीडपट करावा. पोटात जागा कमी असते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. नुसता भात आणि आमटीचे पाणी पुरत नाही. अंडी, काटे काढलेली मासळी, शिजवलेले कोंबडीचे मांस, डाळ असे काही रोज पोटात जावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. उरलेल्या कालवणात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तपेशींना बाधतो, म्हणून तेही टाळावे.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गाभण कुत्रीला कॅल्शियमच्या गोळ्या किंवा टॉनिक मनानेच देऊ नये. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळू लागले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग दूध सुरू झाल्यावर एकाएकी गरज वाढते तेव्हा रक्तातले कॅल्शियम घसरते आणि कुत्रीला झटके येतात.

रोज सावकाश फिरवावे, म्हणजे स्नायू बळकट राहतात. शेवटचे तीन-चार आठवडे मात्र रानडुकरामागे सोडू नये आणि उंच गडग्यावरून उड्या मारू देऊ नयेत. रात्री तिला बंद पडवीत घ्यावे. आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे, आणि जड झालेली कुत्री त्याला सहज सापडते.

जागा आणि पेटी

विण्याच्या दहा-बारा दिवस आधी जागा ठरवून तिथे तिला झोपायची सवय लावावी. माणसांची वर्दळ नसलेली, कोरडी आणि वारा न लागणारी जागा हवी. पडवीचा कोपरा किंवा मांगराची एक बाजू चालते. पावसाळ्यात ओल वर येते, म्हणून खाली फळ्या टाकाव्यात. पेटी अशी असावी की कुत्री पाय ताणून आडवी होऊ शकेल. आंब्याची पेटी त्याला पुरत नाही. कडेला आतल्या बाजूने चार बोटे उंचीवर बांबूची पट्टी ठोकावी, म्हणजे भिंत आणि आई यांच्यामध्ये पिल्लू चिरडत नाही. खाली जुनी वर्तमानपत्रे घालावीत, भिजली की बदलता येतात. हा अंक वाचून झाल्यावर त्या कामी आला तरी माझी हरकत नाही!

जवळ ठेवायच्या वस्तू अशा: थर्मामीटर (खास कुत्रीसाठी वेगळा), स्वच्छ फडकी, जाड दोरा, उकळलेली कात्री, आयोडीनचे द्रावण, रबरी हातमोजे, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पशुवैद्यकांचा फोन नंबर. रात्री गाडी कोणाची मिळेल, हेही आधीच विचारून ठेवावे. शृंगारतळी किंवा चिपळूण गाठायची वेळ मध्यरात्रीच येते.

प्रत्यक्ष विताना

कुत्रीचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. शेवटच्या आठवड्यात ते दिवसातून दोनदा गुदद्वारातून मोजावे. ते ९९ च्या खाली उतरले की बहुधा चोवीस तासांत ती विते. ती अस्वस्थ होते, अन्न नाकारते, धापा टाकते, कागद कुरतडून अंथरूण करते. हे सहा ते बारा तास चालू शकते, पहिलटकरणीत अधिकही. त्या वेळी घरातल्या एकाच ओळखीच्या माणसाने शांतपणे जवळ बसावे. शेजारच्या मुलांचा घोळका जमू देऊ नये.

पिल्लू पिशवीत येते. आई पिशवी फाडते, नाळ तोडते आणि चाटून चाटून पिल्लाला श्वास घ्यायला लावते. पहिलटकरीण कधी गोंधळते. एखाद्या मिनिटात तिने पिशवी फोडली नाही तर आपण फोडावी, तोंड-नाक पुसावे आणि फडक्याने खसाखसा चोळावे. नाळ पोटापासून दोन बोटे अंतरावर दोऱ्याने बांधून कापावी आणि टोकाला आयोडीन लावावे. प्रत्येक पिल्लामागे वार पडली का, तेही मोजावे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्यक गाठावेत:

- अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू न येणे.
- आत पिल्ले असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे.
- पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव येणे.
- तापमान उतरून चोवीस तास झाले तरी कळा सुरू न होणे.

अशा वेळी 'कळांचे इंजेक्शन' कोणाकडूनही टोचून घेऊ नये. पिल्लू आडवे अडकले असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटू शकते. सिझेरियनची वेळ आली आणि कुत्री कारवानी असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या जातीच्या अंगावर चरबी कमी असते आणि भुलीची काही औषधे तिच्या शरीरातून उतरायला फार वेळ घेतात. आपल्या घरातली ताप-दुखण्याची गोळीही तिला देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात.

नंतरचे दिवस

पिल्लांना पहिल्या काही तासांत चीक मिळालाच पाहिजे. त्यांना पहिल्या आठवड्यात स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून पेटीत ऊब हवी. रोज वजन करावे. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवे. एखादे वाढत नसेल तर त्याला पाठच्या आचळांशी लावावे, तिथे दूध जास्त असते.

आईचा आहार या काळात दुप्पट-तिप्पट होतो. पहिल्या महिन्यात ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, धाप लागली, ताप चढला, तर तो कॅल्शियम उतरल्याचा झटका समजावा. पिल्ले बाजूला करून तिला तासाच्या आत दवाखान्यात न्यावे. आचळ लाल, गरम व कडक होणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येणे, हीदेखील थांबण्याची लक्षणे नव्हेत.

आता घरच्या माणसांचे

कुत्र्याच्या पोटातल्या गोलकृमींच्या अळ्या गर्भातच पिल्लांमध्ये जातात. म्हणजे गोजिरवाणे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते. त्याच्या विष्ठेतली अंडी अंगणातल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि मुलांच्या नखांवाटे पोटात जातात. तिथून अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरतात आणि एका डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. उपाय स्वस्त आहे. पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पशुवैद्यकांनी सांगितलेले जंताचे औषध द्यावे आणि आईलाही त्याबरोबर द्यावे. विष्ठा रोज उचलून पुरावी. मुलांनी पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

वार व स्राव हाताळताना मोजे घालावेत. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने हे काम करू नये. मात्र टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने कुत्रीला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. तो जंतू विष्ठेवाटे पसरवते ती मांजर.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. व्यालेली कुत्री घरच्या माणसालाही चावते, आणि पिल्लांचे दात खेळताना लागतातच. 'पिल्लूच आहे, त्याला काय होते' हे वाक्य मनातून काढून टाकावे. पिसाळलेल्या जनावराने चावल्यास दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होतो. दात किंवा नख लागले की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगाला औषध नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो होत नाही.

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांत पहिली संयुक्त लस आणि तीन महिन्यांनी रेबीजची लस द्यावी. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये, आणि कोणाला देताना लशीचे व जंताच्या औषधाचे कार्ड बरोबर द्यावे. आपल्याकडे सुनेचे, लेकीचे बाळंतपण सातव्या महिन्यापासून ठरवतात. घर राखणाऱ्या या मुक्या जिवासाठी कॅलेंडरवर एक तारीख लिहिण्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले.