बर्फावरील मासेमारी : निवाऱ्यातील प्रकाशयोजना

थंड प्रदेशांत हिवाळ्यामध्ये गोठलेल्या सरोवरांच्या पृष्ठावरील बर्फाला १५ ते २५ सेंमी. व्यासाचे भोक पाडून त्यातून गळाने मासे पकडतात. वारा व थंडी यांपासून संरक्षण मिळावे म्हणून या भोकावर कापडी तंबू किंवा लाकडी खोपट उभारतात. अशा निवाऱ्यात उजेडासाठी केलेली व्यवस्था हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. परंतु चहूबाजूंनी बंद असलेली लहानशी जागा, पेट घेणारे कापड, गोठणबिंदूखालील तापमान आणि तळाशी बर्फ व पाणी या गोष्टी येथे एकत्र येत असल्यामुळे दिव्याची निवड ही जीविताशी निगडित बाब ठरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये, कॅनडाचा आँटॅरिओ प्रांत, फिनलंड आणि रशिया येथे ही मासेमारी मोठ्या प्रमाणावर चालते. मिनेसोटातील मिल लॅक्स व आँटॅरिओतील सिमको या सरोवरांवर हिवाळ्यात निवाऱ्यांच्या वस्त्याच उभ्या राहतात. डिसेंबरअखेर मिनेसोटात दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. शिवाय ज्या माशांसाठी हा खटाटोप केला जातो, त्यांपैकी काही जाती संध्याकाळनंतरच गळाला लागतात. वॉलआय या माशाच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला भक्ष्य दिसते व तो मुख्यतः संधिप्रकाशात चरतो. बरबॉट हा तर रात्रीच हालचाल करणारा मासा आहे. साहजिकच निवाऱ्यातील दिवा पुष्कळ तास, कधी कधी रात्रभर, जळत राहतो.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. पाइक माशाला भाल्याने मारण्यासाठी मिनेसोटात जे खोपटे वापरतात, त्यात दिवा मुळीच नसतो. किंबहुना त्याच्या भिंतींतील फटीही बुजवितात. आत पूर्ण काळोख असला म्हणजे बर्फातून झिरपलेल्या दिवसाच्या उजेडाने खालचे पाणी उजळलेले दिसते आणि भोकातून सरोवराच्या तळापर्यंत नजर पोहोचते. अशा निवाऱ्यास अंधारघर म्हणतात. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी डोक्यावरून पांघरूण घेऊन व भोकावर पालथे पडून हाच परिणाम साधीत आणि लाकडाचा कोरलेला मासा पाण्यात नाचवून पाइकला जवळ बोलावीत.

ज्योतीचे दिवे : आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक दगडी पणतीत सीलची चरबी जाळून बर्फाच्या घरात उजेड व ऊब मिळवीत आणि घराच्या माथ्याला धूर जाण्यासाठी भोक ठेवीत. मेणबत्ती, रॉकेलचा कंदील व जाळीचा दिवा हे त्यानंतरचे टप्पे होत. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये तापविली असता प्रखर उजळणाऱ्या जाळीचे एकस्व घेतले आणि १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सिरियम ऑक्साइड असे तिचे यशस्वी मिश्रण सिद्ध केले. या जाळीवर आधारलेला व दाबाखालील इंधनाच्या बाष्पावर जळणारा कंदील अमेरिकेत विल्यम कोलमन यांनी १९१४ मध्ये प्रचारात आणला. बर्लिन येथे माक्स ग्रेट्स यांनी तयार केलेला पेट्रोमॅक्स हा याच जातीचा दिवा. वीज पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातील वरातींत व तमाशाच्या फडांत गॅसबत्ती म्हणून तो सर्वपरिचित होता. मात्र तेथे तो मोकळ्या हवेत जळे. तंबूतील प्रश्न निराळा आहे.

एक किग्रॅ. प्रोपेन वायू पूर्णपणे जळण्यास सु. १५.६ किग्रॅ., म्हणजे ०° से. तापमानाची सु. १२ घ. मी. हवा लागते आणि त्यातून सु. ३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व १.६ किग्रॅ. पाणी तयार होते. दोन मी. लांब, तेवढाच रुंद व उंच असा, म्हणजे ८ घ. मी. घनफळाचा निवारा विचारात घेऊ. त्यात तासाला ६० ग्रॅ. प्रोपेन जाळणारा दिवा लावला व बाहेरची हवा मुळीच आत आली नाही, तर एका तासात तेथील ऑक्सिजनाचा सु. अकरावा भाग संपतो. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत खाली येते आणि कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पोहोचते. निवाऱ्यात सामान्यतः शेगडीही असते व ती दिव्याच्या तिप्पट इंधन सहज जाळते. प्रत्यक्षात फटींतून हवा येत असल्याने स्थिती इतकी लवकर बिघडत नाही, हे खरे. परंतु वारा आत शिरू नये म्हणून तंबूच्या कडांवर चोहोबाजूंनी बर्फाचा भुगा लोटण्याची प्रथा आहे आणि तिच्यामुळे नेमक्या याच फटी बंद होतात. ऊब राखण्याचा उपाय हाच येथे संकटाचे मूळ बनतो.

ऑक्सिजन कमी पडू लागला म्हणजे ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची घनता हवेच्या घनतेइतकीच असल्यामुळे तो जमिनीलगत वा छताशी न साचता सर्वत्र मिसळतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो व ऊतकांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. हवेत दहा लाख भागांत त्याचे २०० भाग असतील, तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भाग असतील, तर पाऊण तासात भोवळ व मळमळ आणि दोन तासांत बेशुद्धी येते. १,६०० भागांत तासाभरात मृत्यू ओढवू शकतो. आरंभीची लक्षणे थकवा, थंडी वा मद्यपान यांच्या परिणामांसारखीच असल्याने ती ओळखली जात नाहीत. त्यातच विचारशक्ती मंदावत असल्यामुळे दार उघडून बाहेर पडावे एवढेही सुचत नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे होणारे मृत्यू याच कारणाने घडतात.

थंड प्रदेशात अनुभवी माणूसही या वायूपुढे कसा हतबल होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन समन्वेषक रिचर्ड बर्ड यांचे होय. १९३४ च्या मार्चअखेरीपासून ते अंटार्क्टिकातील लिटल अमेरिका या तळापासून सु. २०० किमी. अंतरावर बर्फात पुरलेल्या एका खोलीत हवामानाच्या नोंदी घेत एकटेच राहिले होते. शेगडीच्या धुराड्याचे सदोष सांधे, बर्फाने बुजलेली हवेची नळी आणि बिनतारी यंत्रासाठी चालवावे लागणारे पेट्रोल-जनित्र यांमुळे त्यांना कार्बन मोनॉक्साइडाची बाधा झाली व ते मरणाच्या दारी पोहोचले. त्यांचे बिनतारी संदेश विस्कळीत होऊ लागल्याने मुख्य तळावरील सहकाऱ्यांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये टॉमस पोल्टर व त्यांच्या दोन साथीदारांनी तेथे पोहोचून त्यांचे प्राण वाचविले.

म्हणून ज्योतीचा दिवा वापरणे अटळ असल्यास निवाऱ्याला एक झरोका तळाशी व एक माथ्याशी असे दोन झरोके उघडे ठेवावे लागतात. श्वासाचे व ज्वलनाचे बाष्प झरोक्याच्या जाळीवर गोठून तो आपोआप बंद होतो, हे लक्षात घेऊन तो वरचेवर मोकळा करावा. कित्येक वायुशेगड्यांना ऑक्सिजन सु. १८ टक्क्यांपर्यंत घटताच इंधन तोडणारा संवेदक बसविलेला असतो. जाळीच्या दिव्यांना तो सहसा नसतो. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही व शेगडी सुरक्षित आहे म्हणून दिवाही सुरक्षित असल्याचे ते गृहीत धरतात. पेटता दिवा ठेवून झोपणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

इंधनाच्या निवडीतही थंडीचा विचार करावा लागतो. ब्युटेनाचा उत्कलनबिंदू -०.५° से. असल्याने गोठणबिंदूखाली त्याचे बाष्प होत नाही व दिवा विझतो. प्रोपेनाचा उत्कलनबिंदू -४२° से. असल्यामुळे तो कडक थंडीतही जळतो. परंतु प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सु. २ ते ९.५ टक्के असताना ठिणगीने स्फोट होतो. द्रव इंधन दिव्यात भरण्याचे काम दिवा विझवून, निवडू देऊन व निवाऱ्याबाहेरच करावे लागते. शून्याखाली थंड झालेले पेट्रोलसारखे इंधन हातावर सांडल्यास ते त्वरित उडून जाताना त्वचेला हिमदंश होतो.

तंबूचे कापड बहुधा पॉलिएस्टर वा नायलॉनचे असते. ज्वालारोधक संस्करण केलेले कापड पेट घेण्यास विलंब करते, अभेद्य मात्र नसते. जाळीच्या दिव्याचा माथा अतिशय तापतो. त्यामुळे तो छतापासून पुरेशा अंतरावर धातूच्या आकड्याला टांगावा लागतो. बर्फावर ठेवल्यास त्याच्याखालील बर्फ वितळून तो कलंडतो. निवाऱ्याचे दार आतून सहज उघडेल असे असावे. थंडीने गोठलेली चेनपट्टी आगीच्या प्रसंगी जीवघेणी ठरते.

विजेचे दिवे : १९९० नंतरच्या दशकांत निळा प्रकाश देणाऱ्या व त्यावरून पांढरा प्रकाश मिळविता येणाऱ्या प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाच्या, म्हणजे एलईडीच्या, विकासामुळे या क्षेत्रात मोठे स्थित्यंतर झाले. या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दहा वॉटचा असा दिवा सु. १,००० ल्यूमेन प्रकाश देतो. जाळीच्या दिव्यापासून तेवढाच प्रकाश मिळविण्यासाठी तासाला जाळलेले ६० ग्रॅ. प्रोपेन सु. ८०० वॉट शक्ती खर्च करते. बाकी सर्व उष्णता होते. ही उष्णता थंडीत हवीहवीशी वाटते आणि जुने लोक जाळीचा दिवा सोडण्यास नाखूश असतात, त्याचे कारण हेच. तथापि उबेसाठी संवेदकयुक्त शेगडी व उजेडासाठी वीज अशी कामाची विभागणी अधिक शहाणपणाची आहे. एलईडी हवा दूषित करीत नाही, बाष्प निर्माण करीत नाही व थंडीत तिची कार्यक्षमता किंचित वाढतेच.

अडचण दिव्याची नसून बॅटरीची असते. शिसे-अम्ल बॅटरीची धारणक्षमता -१८° से. तापमानाला जवळजवळ निम्मी होते. बारा व्होल्ट व सात अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी दहा वॉटचा दिवा हिशोबाने आठ तास चालवील. गोठलेल्या सरोवरावर चार तासांचाच भरवसा धरावा. पूर्ण भारित बॅटरीतील अम्ल -६०° से.पर्यंत गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतील द्राव -१०° से.च्या आसपासच गोठून तिचे कवच फुटते. भारित करताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून हे काम ज्योतीजवळ करू नये. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी असते. मात्र ०° से.खाली ती भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून ती बिघडते. हातदिव्यात साध्या अल्कली घटांऐवजी पुनर्भारित न होणारे लिथियम घट घातल्यास ते -४०° से.पर्यंत काम देतात. बॅटरी थेट बर्फावर न ठेवता फळीवर वा आच्छादित पेटीत ठेवावी.

रंग व मांडणी : डोळ्यांना काळोखाशी पूर्णपणे जुळवून घेण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. प्रखर पांढऱ्या दिव्याखालून एकदम बाहेर आलेल्या माणसाला बर्फातील तडा किंवा शेजाऱ्याचे उघडे भोक दिसत नाही. तांबड्या प्रकाशाला दृष्टिपटलातील दंडकोशिका फारशा प्रतिसाद देत नसल्यामुळे आत मंद तांबडा दिवा लावणे व गाठ बांधण्यासारख्या बारीक कामापुरताच पांढरा दिवा वापरणे सोयीचे असते. निवाऱ्याच्या चारही बाजूंना परावर्तक पट्ट्या लावाव्यात. हिमवाहने रात्री वेगाने जातात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट तंबू दुरून ओळखू येत नाही. पाण्यात सोडण्याचे हिरवे दिवेही मिळतात. त्यांच्याभोवती प्राणिप्लवक जमतात, त्यांच्यामागे लहान मासे व त्यांच्यामागे मोठे मासे येतात. असे दिवे वापरण्याबाबतचे नियम सर्वत्र सारखे नाहीत, उदा., मिनेसोटात भाल्याने मासे मारताना त्यांना कृत्रिम प्रकाशाने आकर्षित करण्यास मनाई आहे.

धोक्याची सूचना देणारी उपकरणे : निवाऱ्यात कोणत्याही प्रकारची ज्योत असल्यास कार्बन मोनॉक्साइडाची सूचना देणारी घंटा आवश्यक ठरते. अमेरिकन मानकानुसार दहा लाखांत ७० भाग हे प्रमाण एक ते चार तास, १५० भाग हे दहा ते पन्नास मिनिटे किंवा ४०० भाग हे चार ते पंधरा मिनिटे टिकल्यास ती वाजते. घरगुती उपयोगाच्या घंटेची तपासणी सु. ४° ते ३८° से. या तापमानमर्यादेत झालेली असते. ती बर्फावर नेली तर तिच्यावर विसंबता येत नाही. प्रवासी वाहनांसाठी बनविलेली व -४०° से.पर्यंत चालणारी घंटा घ्यावी लागते. बाधा झालेल्या व्यक्तीला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे व वैद्यकीय मदत मिळवावी. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सु. दीड तास पुरतो. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे नेहमीचे उपकरण या बाधेत फसवे असते, कारण कार्बन मोनॉक्साइडाशी संयोग पावलेले हीमोग्लोबिन ते ऑक्सिजनयुक्त म्हणूनच मोजते.