माळ राखायचा तर आधी माळ ओळखू

सागरेश्वरचं अभयारण्य माणसांनी उभं केलं. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळचे हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यांचा ध्यास घेतला. झाडं लागली, हरणं आणून सोडली गेली, भोवती तारेचं कुंपण आलं आणि १९८५ साली या १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सरकारी आदेशाआधी लोकांच्या मनात उगवलेली अशी अभयारण्यं आपल्याकडे फार नाहीत.

मोहित्यांचं काम थोरच, म्हणून त्यातून पुढे निघालेले प्रश्नही नीट पाहायला हवेत. कुंपणाच्या आत हरणं वाढली, पण त्यांना आवर घालणारं मोठं जनावर तिथे नव्हतं. बारमाही पाणी नसल्याने पाणवठे बांधून भरावे लागले. हरणं कुंपणाबाहेरच्या पिकांत उतरू लागली. शिवाय त्या काळात राज्यभरच्या वनीकरणाचा भर लवकर वाढणाऱ्या परक्या झाडांवर होता: ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, नीलगिरी. डोंगर दुरून हिरवा दिसतो, पण दाट ग्लिरिसिडियाखाली गवत धरत नाही, आणि काळवीट जगतं ते गवतावर.

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या वडूजकरांनी हे ध्यानात घ्यावं असं मला फार वाटतं. श्रमदान या भागाला कुणी शिकवायला नको. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, पुढच्या वर्षी खटावच्या भोसरेने दुसऱ्या क्रमांकात वाटा मिळवला, २०१८ साली माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. ऐन उन्हाळ्यात गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन माळावर होती. पाणी अडलं, विहिरींना आधार मिळाला. आता हेच हात निसर्गाकडे वळताहेत आणि पावसाळा आला की पहिला विचार येतो तो खड्डे खणून रोपं लावण्याचा.

पण खटाव-माणचा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. मुळातच गवताचा, मधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचं हे घर. चंडोल जमिनीवर घरटं करतो, धाविक उघड्या भुईवर अंडी घालतो. दाट झाडीत त्यांना जागा नाही.

कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन पाहा. खाली टोकदार, लवदार दाणा, वर लांब काळपट कुसळ, पिळलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ सुटू लागतो आणि कुसळ सावकाश फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओलं, उन्हाने कोरडं, असं होत होत दाणा गिरमिटासारखा भुईत शिरतो. गवताची पेरणी गवतच करतं. त्यासाठी भुई मात्र न उलथलेली हवी. जेसीबीने माळ उपसला तर दाण्यांबरोबर जुन्या मुळांचे ठोंबही जातात.

मग स्वयंसेवकांनी करायचं काय? ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात याचं एक उत्तर शोधलं. घराजवळच्या रानातलं परकं तण त्या हाताने काढत. सगळ्यात बिघडलेल्या जागेवर तुटून पडायचं नाही, जिथे मूळ रान चांगलं टिकलंय तिथून सुरुवात करून बाहेर सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. मूळ झाडोरा जेवढ्या वेगाने परत येईल तेवढाच आपला वेग ठेवायचा. पुढे ही पद्धत शहरी वनांमध्ये दूरवर पोचली.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. जिथे अजून पवन्या, मारवेल, कुसळी टिकून आहे तो तुकडा आधी धरायचा. त्यातली घाणेरी, ग्लिरिसिडिया, वेड्या बाभळीची कोवळी रोपं मुळासकट काढायची. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं. वणवा लागू नये म्हणून जाळपट्टे राखायचे. बी पडेपर्यंत चराई थांबवायची, नंतर मोकळी करायची. या कामाचा फोटो काही देखणा येत नाही, आणि रोप लावल्याचं समाधानही त्यात लगेच मिळत नाही.

तलावांनाही हेच लागू. येरळा नदी वडूजवरून येरळवाडीच्या धरणात उतरते आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. येरळवाडी, सूर्याचीवाडी, मायणी या तलावांवर हिवाळ्यात पक्षी येतात. रोहित पक्ष्याला उथळ पाण्याचा, चिखलाचा काठ लागतो. काठ उंच बांधून घेतला, त्यावर बेशरम माजू दिली किंवा झाडांची रांग लावली, की तलाव पाण्याने भरलेला असूनही रोहिताच्या उपयोगाचा राहत नाही.

मायणी परिसरातलं ८६६.७५ हेक्टर क्षेत्र २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव झालं. वन्यजीव कायद्याच्या ३६-ख कलमानुसार अशा राखीव क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती असते. तीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी बसतात. शेती आणि पशुसंवर्धन खात्यांनाही जागा आहे. मेंढपाळांना वेगळी जागा मात्र नाही. माळाचं कुठलं टेकाड कधी चरायचं, कुठलं गवत मेंढरू सोडतं, लांडगा कुठल्या ओढ्याने येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ग्रामपंचायतीने आपला प्रतिनिधी म्हणून एखाद्या जाणत्या मेंढपाळाचं नाव पाठवायला काय हरकत आहे? येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि वडूजच्या तरुण मंडळांनी वृक्षारोपणाची तारीख ठरवण्याआधी त्या माणसाबरोबर माळ एकदा फिरून यावा.